दूरस्थ आज्ञावली-रचना
स्वतःच्या गावी राहून परदेशी कंपन्यांसाठी संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याचा व्यवसाय. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय (स्थापना १९४७) व साताऱ्याचे कर्मवीर भाऊराव पाटील अभियांत्रिकी महाविद्यालय यांसारख्या संस्थांचे पदवीधर नोकरीसाठी बहुधा पुणे-मुंबई गाठीत. २०२० च्या टाळेबंदीत घरून काम करण्याची पद्धत रूढ झाली. तीमुळे अंतराची अडचण कमी झाली, तसेच अंतराने लाभणारे संरक्षणही. एकाच कामासाठी सांगलीच्या तरुणाला पोलंड, ब्राझील, व्हिएटनाम येथील उमेदवारांशी स्पर्धा करावी लागते. निवडीत पदवीपेक्षा पूर्वी केलेले काम व सुबोध इंग्रजी लेखन यांना महत्त्व असते. न्यूयॉर्कची वेळ भारताच्या साडेनऊ ते साडेदहा तास मागे असल्याने बैठका रात्री होतात. स्वतंत्र कंत्राटदारास भविष्यनिर्वाह निधी वा भरपगारी रजा सामान्यतः मिळत नाही; म्हणून मोबदला ठरविताना ही उणीव हिशेबात धरावी लागते.