दहा प्रश्नांचा कागद

संपादकांनी भंडाऱ्याला पाठवलं ते मोहाच्या हंगामावर लिहायला. मार्च-एप्रिलात पहाटेच टोपल्या घेऊन माणसं झाडाखाली जातात आणि गळालेली फुलं वेचतात. त्यावर लिहिण्यासारखं बरंच आहे. पण त्यातल्या काही फुलांचा पुढे सडवा होतो, हातभट्टी लागते, आणि तिथून पुढचं कोणी मोकळेपणाने सांगत नाही. ‘घेतो जी थोडीशी, पण बेवडा नाही जी,’ इथे येऊन बोलणं अडतं. ही ‘थोडीशी’ किती, हे विचारायचं कसं? त्यासाठी जगभर एक कागद वापरला जातो. मोह बाजूला ठेवून मी त्या कागदावरच लिहायचं ठरवलं.

त्याचं नाव ‘ऑडिट’. जागतिक आरोग्य संघटनेने तो १९८०च्या दशकात नॉर्वे, केनिया, मेक्सिकोसह सहा देशांत पारखून तयार केला. दहा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ४०. आठ किंवा जास्त गुण झाले तर पिणं धोक्याचं, वीस किंवा जास्त झाले तर व्यसन जडल्याची दाट शंका. इतिहास एवढा पुरे.

मला यातली खरी करामत वेगळीच वाटते. तुम्ही दारुडे आहात का, असं हा कागद कुठेच विचारत नाही. तसं विचारलं की माणूस गल्लीतल्या सगळ्यात बिघडलेल्या माणसाकडे बोट दाखवून सुटतो. कागद विचारतो तो गेल्या वर्षभरातल्या वागण्याबद्दल. एकदा सुरू केल्यावर थांबता आलं नाही, असं किती वेळा झालं? दारूमुळे ठरलेलं काम राहिलं का? धानाच्या मुलखात याचा अर्थ रोवणीच्या ऐन दिवसांत बांधावर न पोचणं. रात्री काय झालं ते सकाळी आठवत नाही, असं होतं का? पिण्यामुळे कोणाला इजा झाली का? शेवटचा प्रश्न मला सर्वांत शहाणा वाटतो: घरच्या कोणी, मित्राने किंवा डॉक्टरने ‘कमी कर’ असं कधी म्हटलं आहे का? ते बोलणं वर्षापूर्वीचं असलं तरी दोन गुण धरले जातात. बायकोचा जीव तोडून केलेला आग्रह घरात कटकट ठरतो, पण या कागदावर तो लक्षण म्हणून मोजला जातो.

कागद अडतो तो दुसऱ्या प्रश्नावर. पिता त्या दिवशी किती माप पिता? त्याचं माप म्हणजे दहा ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के छापलेलं असतं. १८० मिलीच्या एका क्वार्टरचा हिशेब मांडला तर साधारण ६१ ग्रॅम, म्हणजे सहा मापं भरतात. ‘एकच क्वार्टर घेतो’ म्हणणाऱ्याला हे ऐकून धक्का बसतो, आणि बसायलाच हवा, कारण एका बैठकीत सहा किंवा जास्त मापं किती वेळा, हाच तर तिसरा प्रश्न आहे. मोहाच्या दारूला मात्र लेबलच नसतं. पहिल्या धारेची आणि नंतरची यांच्या जोरात फार फरक असतो. तिथे मापाचा हट्ट सोडून बाकीच्या प्रश्नांवर भर द्यावा, असं माझं मत आहे. बायकांच्या पिण्याबद्दल तर कोणी विचारतच नाही. त्यांनाही हेच दहा प्रश्न लागू पडतात.

आता सहावा प्रश्न. आदल्या रात्री भरपूर झाल्यावर सकाळी उठून पुन्हा घेतल्याशिवाय चालत नाही, असं होतं का? मला काळजी वाटते ती या प्रश्नाची, कारण भंडारा जिल्ह्यात दारू सोडण्याची एक मोठी परंपरा आहे. नागपूरचे बाबा जुमदेव यांच्या परमात्मा एक सेवक मंडळाचे सेवक इथे गावोगाव आहेत. त्या मार्गात येणाऱ्याला दारू आणि जुगार सोडावा लागतो. सोबत बसणारी, विचारपूस करणारी माणसं मिळतात, आणि ही सोबत कुठल्याही गोळीत नसते. मला तिच्याबद्दल आदर आहे. पण सकाळी उठल्या उठल्या लागणारी, अंगात मुरलेली दारू एका दिवसात तोडली तर शरीर उलटतं. पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. साधारण दोन दिवसांच्या आत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर माणूस भ्रमात जातो, नसलेली माणसं-किडे त्याला दिसू लागतात. यात जीवही जातो. घरचे मात्र बाहेरचं काही लागलं म्हणतात, किंवा मन कच्चं आहे म्हणून त्यालाच बोल लावतात.

दुसरी भीती गुपचूप औषधाची. ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती वाचून बायका भाजीत गोळी मिसळतात. अशी डायसल्फिरामची गोळी पोटात असताना दारू घेतली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. ते औषध रुग्णाला सांगून आणि डॉक्टरच्या देखरेखीतच द्यायचं असतं.

मदत घेणारे किती थोडे! २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत दारूच्या विळख्यातल्या ३८ जणांमागे एकालाच कुठला तरी उपचार मिळाल्याचं दिसलं. आणि तरी उपाय अवाक्याबाहेरचा नाही. गोव्यात ‘संगथ’ संस्थेने डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशनाला बसवलं. जास्तीत जास्त चार भेटी. २०१७ मध्ये छापलेल्या निष्कर्षानुसार तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के पुरुषांचे गुण आठच्या खाली आले. न मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होतं. हे हानिकारक पिणाऱ्यांचं झालं. व्यसन जडलेल्यांना त्याहून जास्त लागतं: हळूहळू कमी करत नेलेल्या गोळ्या, बी-१ जीवनसत्त्व, काही दिवस डॉक्टरांची नजर. फोनवरून सुरुवात करायची तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानसचा १४४१६.

गावातल्या सेवकांना माझं एक कळकळीचं सांगणं आहे. दारू सोडण्याच्या शपथेआधी शेजारी बसून विचारा, ‘भाऊ, सकाळी हात थरथरतो का? घेतल्यावरच थांबतो का? आधी कधी फिट आली होती का?’ यातल्या एकालाही ‘हो’ आलं, तर त्याला त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्या. शपथ पुढच्या आठवड्यात घेतली तरी चालेल.