पद काढले तर काय उरते?

बेंगळूरसारख्या नगरातील माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गात बसणाऱ्या मुलांच्या कानांवर गाणे पडते ते बहुधा चित्रपटाचे. गाणे सुरू झाले की कथा घटकाभर थांबते, अशी त्यांची समजूत होऊन बसलेली असते. संगीत नाटक शिकविणाऱ्या शिक्षकाची पहिली गाठ पडते ती या समजुतीशी. रागांची नावे सांगून ती दूर होत नाही. त्यापेक्षा एक साधा प्रश्न मुलांपुढे टाकावा : हे पद नाटकातून काढले, तर कथेतले नेमके काय हरवेल?

या प्रश्नाचा माग काढीत गेले, तर वाट कर्नाटकातूनच सुरू होते. १८४२ साली होनावरजवळच्या कर्की गावची भागवत मंडळी सांगलीस आली. त्यांचे खेळ पाहून सांगलीच्या अधिपतींनी विष्णुदास भाव्यांना तसे नाटक रचावयास सांगितले आणि १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आले. त्यात गाण्याचा भार सूत्रधारावर असे. कथा तो पद्यातून सांगे. पात्रे आपली भाषणे आयत्या वेळी जुळवीत. पुढे गुर्लहोसूरला जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यास ‘शाकुंतल’ सादर केले, तेव्हा गाणे पात्रांच्या मुखी आले. सूत्रधार गातो तेव्हा पुढे काय झाले ते कळते. शकुंतला गाऊ लागते तेव्हा तिला काय झाले ते कळते. एवढा एक फरक मुलांच्या मनात ठसला, तरी निम्मे काम झाले असे समजावे.

किर्लोस्करांच्याच ‘सौभद्रा’त (१८८२) तर आणखी एक खुबी आहे. सारी सूत्रे कृष्ण हलवीत असतो. प्रेक्षकांना ते ठाऊक असते, सुभद्रेला नसते. दुर्योधनाशी विवाह लागणार या भीतीने ती व्याकुळ होऊन गाते, तेव्हा ऐकणारा कळवळतो आणि गालांतल्या गालांत हसतोही. तेथले पद काढले तर हसू उरेल, कळवळा जाईल.

गाण्याने कथेवर कुरघोडी केली, असेही दिवस आले. बालगंधर्वांच्या काळात पदांना ‘वन्स मोअर’ पडत, नाटके रात्रभर चालत. त्या स्वरांनी रसिकांना जे दिले ते थोडे नव्हे. पण कथा बिचारी विंगेत ताटकळत उभी राही. म्हणूनच १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’च्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात मोजकीच पदे आली.

कथेशी फारकत झालेल्या गाण्याला पुन्हा कथेच्या कामाला जुंपणाऱ्यांत बी. व्ही. कारंत यांचे नाव आवर्जून घ्यावे लागते. लहानपणी घर सोडून ते गुब्बी वीरण्णांच्या नाटक कंपनीत दाखल झाले होते. पुढे बेंगळुरात त्यांनी ‘बेनक’ ही संस्था उभी केली. बेंगळूर नगर कलाविदरु या शब्दांच्या आद्याक्षरांतून हे नाव साधले आहे, आणि कन्नडमध्ये बेनक म्हणजे विनायकही. त्यांनी बसविलेले गिरीश कार्नाडांचे ‘हयवदन’ गजाननाच्या वंदनेनेच सुरू होते. वरवर पाहता ही नेहमीची नांदी. परंतु धड एकाचे, मस्तक दुसऱ्याचे असलेला देव येथे उगाच आलेला नाही. पुढे पद्मिनीच्या हातून दोन मित्रांची मस्तके अदलाबदल होतात, तेव्हा आरंभीच्या वंदनेचा अर्थ उलगडतो. हे नाटक चिं. त्र्यं. खानोलकरांच्या अनुवादातून आणि भास्कर चंदावरकरांच्या संगीतातून मराठीतही आले, त्यामुळे मराठी शिक्षकालाही ते हाताशी आहे.

कारंतांनी मुलांसाठी ‘पंजरशाळे’ हे नाटक केले. त्याचा आधार रवींद्रनाथांची पोपटाची गोष्ट : शिकविण्याच्या खटाटोपात पोथ्यांची पाने कोंबकोंबून पोपटाचा जीव जातो! रागलक्षणांची वही आधी उघडणाऱ्याने ती गोष्ट एकदा वाचावी.

वर्गात करावयाचा प्रयोग सोपा आहे. सुभद्रेचा प्रसंग मुलांनी प्रथम नुसता बोलून दाखवावा. मग तोच मजकूर एकीने सुभद्रा म्हणून गावा, दुसरीने सखी म्हणून, तिसऱ्याने सूत्रधार म्हणून. चाल ज्याची त्याने घरून आणावी. बेंगळूरच्या वर्गात मराठी घरची मुलगी जात्यावरची ओवी आणील, तर कन्नड घरची बीसुव पद. दोन्ही दळतानाचीच गाणी. प्रसंग एकच, पण गाणारा बदलला की कोणाची गोष्ट चालली आहे तेही बदलते, आणि मुले त्यावर आपण होऊन वाद घालू लागतात.