लांबलचक शब्दांचे भय कशाला?

लोणावळ्याजवळच्या एका बुद्धविहारात आम्ही रविवारी मुलांचा वर्ग घेतो. संविधान दिनाच्या आदल्या रविवारी सातवीतल्या एका मुलीला फळ्यावरचा 'कॉन्स्टिट्यूशन' हा इंग्रजी शब्द वाचायला सांगितला. तिने बारा अक्षरांचे स्पेलिंग घडाघडा म्हटले. उच्चार मात्र ओठांवर येईना.

याच मुलीने थोड्या वेळापूर्वी पंचशील म्हणताना 'सुरामेरयमज्जपमादट्ठाना' हा शब्द न अडखळता उच्चारला होता. बोटांवर मोजा : सु-रा-मे-र-य-मज्-ज-प-मा-दट्-ठा-ना. बारा तुकडे! 'कॉन्-स्टि-ट्यू-शन' तर चारच. मग जीभ अडते कुठे? दोष मुलीचा नाही, पद्धतीचा आहे. पाली शब्द ती कानाने शिकली, इंग्रजी शब्द नुसता डोळ्यांनी घोकला.

राज्यात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आले, पण अनेक वर्गांत घोकंपट्टी तशीच राहिली. वास्तविक तुकडे पाडून बोलणे आपल्या रक्तात आहे. कार्ल्याच्या लेण्यांतले ब्राह्मी लेख पाहा. तिथे एक अक्षर म्हणजे एक उच्चार. आपली देवनागरी त्याच ब्राह्मीची लेक!

फरक एवढाच की, इंग्रजीत एका तुकड्यावर जोर द्यावा लागतो. शेवटी 'शन' आले की जोर त्याच्या अलीकडच्या तुकड्यावर : कॉन्स्टि'ट्यू'शन, कॉम्पेन्'से'शन, डिस्क्रिमि'ने'शन. शेवटी 'इटी' आली तरी तेच : इ'क्वॉ'लिटी, फ्र'टर्'निटी. एवढे दोन नियम कळले तरी शेकडो शब्द वाचता येतात.

कुणी म्हणेल, उच्चाराचे एवढे काय? वकिलीच्या सुरुवातीला भर न्यायालयात 'डिस्क्रिमिनेशन' म्हणताना आम्ही अडखळलो आणि मागच्या बाकावर हशा पिकला. भेदभाव आम्ही भोगला होता, पण तो शब्द आमच्या जिभेवर नव्हता! पवना धरण असो की द्रुतगती महामार्ग, मावळातल्या जमिनी गेल्या. अशा जमिनीचा वाद उच्च न्यायालयात गेला की कलम ३४८ मुळे कामकाज मुख्यतः इंग्रजीत चालते. ज्याला 'कॉम्पेन्सेशन' वाचता येत नाही, तो आपलाच मोबदला दुसऱ्याच्या तोंडून ऐकतो.

सावित्रीमाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिकण्याची हाक दिली. बाबासाहेबांनी त्याच भाषेत आपली बाजू जगापुढे मांडली. तेव्हा विहाराविहारांत वंदनेनंतर दहा मिनिटे काढा. रोज एक लांब शब्द, टाळी वाजवून, तुकडे पाडून.

आमच्या वर्गातली ती मुलगी चार टाळ्यांत 'कॉन्स्टिट्यूशन' म्हणाली. मग तिने विचारले, "सर, याच्याहून मोठा शब्द नाही का?"