मॉलच्या छतावर सोलर, गावच्या उकिरड्यावर पाकिटं : मोठी किराणा दुकानं पर्यावरणासाठी काय करतात?

महिन्याचा किराणा भरायला गाडी करून अमरावती-अकोल्याला जाणारी कुटुंबं आता गावोगावी आहेत. डी-मार्टसारखी मोठी दुकानं पर्यावरणाचं नुकसान कमी करायला काय करतात आणि त्यांचं काम कुठं येऊन थांबतं, ते समजून घेऊ.

मोठा खर्च विजेचा

एसी, दिवे, फ्रीज दिवसभर चालू. महाराष्ट्रातली बहुतेक वीज कोळशावर होते. आपल्या बाळापूर तालुक्यातल्या पारस केंद्रातच २५० मेगावॉटचे दोन संच आहेत. कोळशाच्या एका युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

डी-मार्टचं पहिलं दुकान २००२ मध्ये मुंबईत पवईला निघालं. ३१ मार्च २०२५ ला दुकानांची संख्या ४१५ होती. ही कंपनी शक्यतो भाड्यानं न घेता स्वतःच्या इमारतीत दुकान टाकते. छत आपलं असलं की त्यावर सोलर बसवायला कोणाला विचारावं लागत नाही. बऱ्याच दुकानांवर असे पॅनल आहेत. एक किलोवॉटचं पॅनल दिवसाला साधारण चार युनिट देते. म्हणजे १०० किलोवॉट बसवले, तर रोजचे ४०० युनिट कोळशाविना. बिलही वाचते. पैसा आणि पर्यावरण दोन्ही वाचत असलं की काम लवकर होते.

फ्रीजमधला गॅस

दुसरी गोष्ट डोळ्याला दिसत नाही. मोठ्या फ्रीजरमध्ये वापरला जाणारा आर-४०४ए हा गॅस गळला, तर तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा जवळपास ३९०० पट जास्त उष्णता धरून ठेवतो. म्हणून जगभरातल्या मोठ्या साखळ्या गळती वेळेवर शोधतात आणि हळूहळू कमी घातक गॅसकडे वळत आहेत.

पिशवी बंद, पाकीट चालू

महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ ला प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली. पहिल्या वेळी दंड ५ हजार, दुसऱ्या वेळी १० हजार. त्यामुळं मोठ्या दुकानात पिशवी विकत घ्यावी लागते किंवा घरून न्यावी लागते. पण कापडासारखी दिसणारी प्रत्येक पिशवी कापडाची नसते. कडेचा धागा काढून जाळून पाहा. राख झाली तर सुती, वितळून गोळी झाली तर प्लास्टिकच. कापूस पिकवणाऱ्या वऱ्हाडात सुती पिशवीला काय तोटा?

बंदी पिशवीवर आहे, बिस्किट-चिप्स-शाम्पूच्या पाकिटावर नाही. खरी अडचण इथं आहे.

कागदावरचा हिशेब

२०२२ च्या केंद्राच्या नियमानुसार माल बनवणाऱ्या आणि ब्रँडच्या कंपन्यांनी जेवढं प्लास्टिक बाजारात आणलं, त्याच्या ठरलेल्या हिश्श्याएवढं प्लास्टिक गोळा करून त्याची विल्हेवाट लावायची आहे. मोठ्या दुकानांनाही त्यांच्या स्वतःच्या ब्रँडच्या मालासाठी ही जबाबदारी आहे. पण तेच पाकीट परत घ्यायचं बंधन नाही. दुसऱ्या शहरात गोळा झालेल्या प्लास्टिकचं प्रमाणपत्र घेतलं तरी हिशेब पूर्ण होतो. शहरात घंटागाडी रोज येते, म्हणून गोळा करणं स्वस्त पडते. खेड्यातलं पाकीट मात्र उकिरड्यावर, तिथून खतासोबत वावरात, नाहीतर गाईच्या पोटात. कोणी जाळलं तर विषारी धूर घरातच.

गावानं काय करावं?

स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) च्या दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक तालुक्यात प्लास्टिक कचऱ्याचं एक केंद्र करायची तरतूद आहे, त्यासाठी १६ लाख रुपयांपर्यंत निधी. पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपयांपर्यंत मिळू शकतात. ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा :

१. आपल्या तालुक्याचं केंद्र सुरू झालं का?
२. गावातून प्लास्टिक न्यायला गाडी कधी येणार?
३. घनकचऱ्याचा पैसा कशावर खर्च झाला?

तोपर्यंत घरी एक पोतं वेगळं टांगा. पाकिटं कोरडी करून त्यात टाका, शेणाच्या खड्ड्यात टाकू नका. गाडी आली तर द्यायला माल तयार पाहिजे. आणि पोतं भरूनही गाडी आली नाही, तर ते पोतंच ग्रामसभेत नेऊन ठेवा.