संशोधनाची खतावणी (लेखांक ६) : कोसंबींच्या नावावर जमा किती?

पुण्याहून सकाळी सुटणारी दख्खनची राणी तळेगाव, वडगाव, कामशेत ही मावळातील ठाणी मागे टाकून मळवलीच्या सुमारास येते, तेव्हा रुळांच्या एका अंगास भाज्याची व दुसऱ्या अंगास कार्ल्याची लेणी असतात. आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६२ पर्यंत गणिताचे प्राध्यापक असलेले दामोदर धर्मानंद कोसंबी याच गाडीने नित्य जा-ये करीत. कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तंभांवर दात्यांची नावे कोरलेली आहेत, त्यांत कित्येक धेनुकाकट गावचे आणि काही स्वतःस यवन म्हणविणारे. या लेखांचा, भोवतालच्या जुन्या व्यापारी मार्गांचा आणि डोंगरांतील मातृदेवतांच्या ठाण्यांचा या गणितज्ञाने पायी हिंडून अभ्यास केला. संशोधनाचा प्रभाव आकड्यांत मोजू पाहणाऱ्या शास्त्राची कसोटी पाहणारे याहून बिकट उदाहरण महाराष्ट्रात मला दुसरे दिसत नाही.

त्या शास्त्राचा पाया साधा आहे. एका निबंधाने दुसऱ्याचा आधार घेतला की तळटिपेत तशी कबुली द्यावयाची, हा विद्वानांचा जुना शिरस्ता. अमेरिकेतील यूजीन गारफील्ड यांनी तेथील वकिलांच्या, कोणत्या निवाड्याचा दाखला पुढे कोठे दिला गेला हे सांगणाऱ्या, सूचीवरून कल्पना घेऊन १९५५ मध्ये असे सुचविले की, या कबुल्या उलट बाजूने मांडल्या असता जुन्या निबंधाचा पुढे कोणी कोणी उपयोग केला ते कळेल, आणि १९६४ पासून त्यांची विज्ञान-संदर्भसूची नियमाने निघू लागली. पुढे २००५ मध्ये जॉर्ज हर्श यांनी सगळा व्यवहार एका आकड्यात आणला : ज्याच्या बारा निबंधांचा प्रत्येकी निदान बारा वेळा उल्लेख झाला, पण तेरांचा तेरा वेळा झाला नाही, त्याचा अंक बारा. नेमणुका नि बढत्या ठरविणाऱ्यांना ही सोय इतकी मानवली की, निबंध उघडून पाहण्याचे श्रमही कित्येकांनी सोडून दिले असावेत, अशी शंका येते.

आता कोसंबींचे खाते पाहू. फर्ग्युसन महाविद्यालयात असताना, १९४४ मध्ये, त्यांचा चार पृष्ठांचा एक निबंध लंडनच्या ‘अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स’मध्ये आला. गुणसूत्रावरील दोन जनुकांमधले अंतर, संततीत ती किती वेळा परस्परांपासून विलग झाली यावरून अनुमानावे लागते. परंतु दोहोंच्या दरम्यान गुणसूत्रांच्या तुकड्यांची दोनदा झालेली अदलाबदल उघडकीस येत नसल्यामुळे दूरच्या जनुकांचे अंतर खऱ्यापेक्षा कमी भरते. जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९१९ मध्ये केलेल्या दुरुस्तीत प्रत्येक अदलाबदल स्वतंत्र मानलेली होती. एक अदलाबदल झाली की तिच्या शेजारी दुसरीस अडथळा होतो, ही गोष्ट कोसंबींनी आपल्या सूत्रात हिशेबात धरली. आज भाताचा वा गव्हाचा जनुकीय नकाशा तयार करणारा अभ्यासक संगणकाला ‘हाल्डेन की कोसंबी’ एवढेच सांगतो. सूत्राचे नाव सर्वतोमुखी झाल्यामुळे मूळ निबंधाचा दाखला देण्याची गरज अनेकांस भासत नाही; म्हणजे वापर वाढत जातो आणि खात्यावर तितके जमा होत नाही.

येथे निदान नाव तरी उरले. त्याच्या आदल्या वर्षी, १९४३ मध्ये, यदृच्छेने बदलणारे फलन परस्परांशी असंबद्ध अशा घटकांत कसे विभागावे याची रीत कोसंबींनी भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात मांडली. पुढे काही वर्षांनी फिनलंडचे कारी कार्हुनेन आणि फ्रान्सचे मिशेल लोएव तेथेच स्वतंत्रपणे पोहोचले, व जगाच्या दप्तरी रीत त्या दोघांच्या नावे चढली. कोसंबींचे नाव त्यापुढे जोडण्याची प्रथा अलीकडची, आणि तीही सार्वत्रिक नव्हे. महायुद्धाच्या धामधुमीत हिंदुस्थानात छापलेले नियतकालिक परदेशी किती मेजांवर पोहोचले असेल?

सहकार्याच्या जाळ्याने हा अन्याय दूर होईल, असे कोणी म्हणेल. ज्यांनी मिळून निबंध लिहिला त्यांना रेषेने जोडावयाचे आणि ज्याच्यातून अधिक रेषा जातात तो मध्यवर्ती, ही त्या जाळ्याची रीत. पाचशेहून अधिक सहलेखक असलेले गणितज्ञ पाउल एर्डश यांना ती शोभून दिसते. कोसंबींचे लेखन मात्र बहुतांशी एकट्याचे असल्याने ते जाळ्याच्या काठावर पडतात. शिवाय भर्तृहरीच्या सुभाषितांची १९४८ ची चिकित्सक आवृत्ती किंवा १९५६ चा भारतीय इतिहासाच्या अभ्यासाचा उपोद्घात ही कामे ग्रंथरूप आहेत, आणि गारफील्ड यांची सूची मुख्यतः विज्ञानाच्या नियतकालिकांवर पोसलेली. त्या इतिहासग्रंथाने प्राचीन भारताच्या इतिहासलेखनाला जे वळण दिले, ते गणिताच्या खात्यात कोठून यावे?

बरे, हिशेब चोख राहावा अशी कोसंबींचीही फारशी इच्छा नसावी. उत्तर आयुष्यात संख्यासिद्धांतावरील काही निबंध त्यांनी एस. द्युक्रे या टोपणनावाने छापले. त्याहून मौज १९३१ ची : अलीगढच्या दिवसांत, फ्रेंच गणितज्ञ आंद्रे वेय यांच्या चिथावणीवरून, त्यांनी बूर्बाकीच्या दुसऱ्या प्रमेयाचे व्यापकीकरण म्हणून एक गंभीर टिपण प्रसिद्ध केले, आणि तो बूर्बाकी मुळात अस्तित्वातच नव्हता. फ्रेंच गणितज्ञांच्या सुप्रसिद्ध मंडळाने ते नाव धारण केले ते नंतर. गारफील्ड यांची सूची तेव्हा असती, तर त्या नसलेल्या गृहस्थांच्या खात्यावरही तिला एक उल्लेख बिनतक्रार जमा करावा लागला असता.