अहेरीच्या पावसाळ्यासाठी उपकरणे निवडताना

मोबाइल, पॉवर बँक, पंखा किंवा इन्व्हर्टर यांची शिफारस करणारे बहुतेक लेखन मोठ्या शहरातला ग्राहक डोळ्यांसमोर ठेवून केलेले असते. चोवीस तास वीज, जवळच सर्व्हिस सेंटर आणि घरात कुठेही मिळणारी रेंज या तीन गोष्टी त्यात न सांगता गृहीत धरलेल्या असतात. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिणेकडील अहेरी तालुक्यात यांपैकी एकही गोष्ट वर्षभर गृहीत धरता येत नाही. प्राणहितेच्या काठी वसलेल्या अहेरीपासून गडचिरोली आणि चंद्रपूर ही दोन्ही शहरे शंभर किलोमीटरच्या पलीकडे आहेत. त्यातच पर्लकोटा नदीला पूर आला की आलापल्ली–भामरागड रस्ता बंद पडावा, तारांवर झाड कोसळून लाइन जावी आणि बॅटरी संपली की मोबाइलचा टॉवरही मुका व्हावा, असे दिवस पावसाळ्यात येतात. त्यामुळे येथील घरासाठी कोणतेही उपकरण घेताना वर्षातल्या सर्वांत वाईट आठवड्यात ते काय कामाचे आणि बिघडले तर ते कुठे दुरुस्त होईल, हे दोन प्रश्न किमतीच्याही आधी विचारले गेले पाहिजेत.

खरेदीचा हंगामही येथे वेगळा आहे. तेंदूपत्त्याची तोडणी मे महिन्यात होते आणि तिचे पैसे हाती येतात तेव्हा पावसाळा दाराशी आलेला असतो. धानाचे पैसे त्यानंतर थेट हिवाळ्यात. उन्हाळ्याच्या शेवटी घेतलेल्या वस्तूची परीक्षा अशा रीतीने लगेचच सुरू होते, म्हणून वस्तू बदलून देण्याची मुदत संपण्यापूर्वी ती गावी नेऊन, तिथल्या विजेवर आणि तिथल्या रेंजमध्ये वापरून पाहणे अगत्याचे ठरते.

मोबाइलच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी विचारली जाणारी गोष्ट म्हणजे त्याला कोणते बँड पकडता येतात. मोबाइलचा संदेश रेडिओलहरींवरून जातो, आणि लहर एका सेकंदात किती वेळा आंदोलते हे मेगाहर्ट्झमध्ये मोजतात. एक मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला दहा लाख आंदोलने. हा आकडा जितका लहान तितकी लहर लांबवर पोचते आणि झाडी, कौले, मातीच्या भिंती यांतून त्यातल्या त्यात बरी पार होते. आकडा मोठा असेल तर एका वेळी जास्त माहिती वाहून नेता येते, पण टप्पा आखूड पडतो. सागवानाच्या दाट जंगलात, दोन टॉवरांमध्ये मोठे अंतर असलेल्या प्रदेशात, लहान आकड्याचे मोल यामुळेच वाढते. नक्षलप्रभावित भागांतील २,३४३ ठिकाणांची २जी सेवा ४जीवर नेण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२२ मध्ये मंजुरी दिली, त्यात महाराष्ट्राचाही समावेश होता, आणि हे काम भारत संचार निगमाकडे, म्हणजे बीएसएनएलकडे, सोपवले गेले. बीएसएनएलची ४जी सेवा ज्या लहरींवर चालते त्यांत ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा येतो, ज्याला तांत्रिक भाषेत बँड २८ म्हणतात. हा बँड काही जुन्या आणि स्वस्त फोनांत नसतो, आणि मग टॉवर गावाशेजारी असूनही फोनवर तो दिसत नाही. फोनचे नेमके मॉडेल घेऊन कंपनीच्या माहितीपत्रकात ४जीच्या, म्हणजे एलटीईच्या, बँडांमध्ये २८ हा आकडा आहे का, हे दुकानातच पाहून घ्यावे. त्या तुलनेत खोक्यावरच्या ५जी या ठळक अक्षरांसाठी जास्तीचे पैसे मोजण्याचे कारण आतल्या गावांत आज तरी फारसे नाही. दोन सिमांची सोय मात्र हवीच, कारण एका कंपनीचा टॉवर बंद पडला तरी दुसऱ्या कंपनीचा चालू असण्याची शक्यता असते. जिओचे जाळे ४जीपासूनच सुरू होत असल्याने त्यावर साधे बोलण्यासाठीही फोनमध्ये व्होल्टीई ही सोय लागते, हे साधा कीपॅड फोन घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

रेंज खेचून देण्याचा दावा करणारी बूस्टर नावाची पेटी बाजारात आणि ऑनलाइन सर्रास मिळते. विनापरवाना असे यंत्र बसवणे बेकायदा आहे, आणि ते आजूबाजूच्या साऱ्या फोनांच्या संदेशात अडथळा आणते, म्हणून त्या वाटेला जाऊ नये. शाळेत किंवा ग्रामपंचायतीत ब्रॉडबँड पोचलेले असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये वाय-फाय कॉलिंग सुरू करून टॉवरशिवायही नेहमीच्याच नंबरावरून बोलता येते. ही कायदेशीर आणि फुकट सोय पुष्कळ फोनांत असूनही ती बंदच राहिलेली आढळते.

रेंज नसलेल्या गावात फोनची बॅटरी लवकर उतरते, ही तक्रार खरी आहे आणि तिचे कारण बॅटरीच्या दर्जात असतेच असे नाही. टॉवर दूर असला की फोन आपला संदेश जास्त जोर लावून पाठवतो, आणि टॉवर सापडतच नसेल तर तो पुन्हा पुन्हा शोधत राहतो. या शोधाशोधीत वीज खर्च होते. ज्या गावात ठरावीक टेकाडावर गेल्यावरच रेंज येते, तिथे एरवी फोन विमान मोडवर, म्हणजे रेडिओ बंद करून, ठेवला तर तीच बॅटरी कितीतरी जास्त वेळ पुरते, आणि विजेरी, कॅमेरा, गाणी व साठवलेली पुस्तके चालूच राहतात. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ रूपात मोफत मिळतात. ती तालुक्याच्या गावी आल्यावर उतरवून घेता यावीत म्हणून मेमरी कार्डाची जागा असलेला फोन शाळकरी मुलांच्या घरी अधिक उपयोगी पडतो. चेहरा उजळवणाऱ्या कॅमेऱ्यांबद्दल आणि त्यांच्या मेगापिक्सेलांबद्दल येथे वेगळे काही सांगण्यासारखे नाही.

पॉवर बँकेवरचा मोठा आकडा आणि तिच्यातून प्रत्यक्ष मिळणारी वीज यांत फरक असतो, आणि तो फसवणुकीचा भाग नसून हिशेबाचा आहे. १०,००० एमएएच ही आतल्या बॅटरीची क्षमता ३.७ व्होल्टला मोजलेली असते, म्हणजे एकूण साठा ३७ वॉट-तास. फोनला वीज देताना दाब ५ व्होल्टपर्यंत चढवावा लागतो आणि त्यात काही वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते, त्यामुळे हाती साधारण ६,००० ते ६,५०० एमएएच लागतात. ५,००० एमएएचचा फोन त्यावर दीडेक वेळा भरत नाही तोच ती रिकामी होते. पॉवर बँकेच्या पाठीवर बारीक, करड्या अक्षरांत ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून जो दुसरा, लहान आकडा छापलेला असतो तोच खरा धरावा, आणि तो छापलेलाच नसेल तर ती वस्तू खाली ठेवावी. त्याच ठिकाणी भारतीय मानक ब्युरोचे नोंदणीचिन्ह आणि ‘आर’ या अक्षरानंतर आठ अंकी क्रमांक असतो. ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की नोंदणी खरी आहे का आणि ती कोणाच्या नावावर आहे हे लगेच कळते. चार्जरवरही हा क्रमांक असावा लागतो. आठवडी बाजारातला बिनक्रमांकाचा चार्जर कमीजास्त दाबाच्या विजेवर रात्रभर लावून ठेवणे हा घरालाच धोका आहे.

उन्हाळ्यात या बॅटऱ्यांची वेगळी काळजी घ्यावी लागते. लिथियम बॅटरी भरण्यासाठी ४५ अंश सेल्सिअसपर्यंतचे तापमान ही सर्वसाधारण मर्यादा मानली जाते, आणि मे महिन्यात हवेचेच तापमान त्याच्या आसपास पोचत असल्याने पत्र्याच्या छपराखाली भर दुपारी चार्जिंगला लावलेली बॅटरी लवकर निकामी होते किंवा फुगते. चार्जिंग पहाटे करावे. फुगलेली बॅटरी दाबू नये, भोसकू नये आणि पुन्हा चार्जही करू नये.

घरातल्या विजेचा विचार करताना बहुतेक कुटुंबे आधी मोठ्या इन्व्हर्टरची चौकशी करतात, पण आधी पंखे बदलणे हा जास्त शहाणपणाचा खर्च आहे. नेहमीचा छताचा पंखा सुमारे ७५ वॉट वीज घेतो. बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या एकदिश मोटरीचा पंखा, तितकाच वारा साधारण ३० वॉटमध्ये देतो. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर १,८०० वॉट-तास मावतात, परंतु बॅटरी पूर्ण उतरू द्यायची नसते आणि इन्व्हर्टरही थोडी वीज खातो, म्हणून वापरण्याजोगे ११००–१२०० वॉट-तास धरावेत. दोन जुने पंखे आणि ९ वॉटचे तीन एलईडी दिवे त्यावर जेमतेम साडेसहा तास चालतात. पंखे बीएलडीसी केले तर तेच घर तीच बॅटरी वापरून तेरा तास काढते. लाइन दोन-दोन दिवस येत नसेल तर इन्व्हर्टरची बॅटरी भरायलाच वीज नसते, आणि ढगाळ दिवसांत सौर पॅनेलही उन्हाळ्याच्या मानाने फारच थोडी वीज देते. अशा वेळी कमी खाणारी उपकरणे हाच खरा आधार असतो. घराला नीट अर्थिंग नसेल तर यातला कोणताही खर्च करण्यापूर्वी ते करून घ्यावे, आणि विजा कडाडू लागल्या की टीव्हीचा प्लग व डिशची तार दोन्ही काढून ठेवावीत, कारण साधा स्टॅबिलायझर वीज पडण्यापासून वाचवत नाही. विजांचा इशारा देणारे ‘दामिनी’ हे ॲप पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केले असून ते मोफत आहे. शेतावर जाणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ते असावे.

फोन पाण्यात टिकेल की नाही हे ‘आयपी’ या अक्षरांपुढच्या दोन अंकांवरून कळते: पहिला अंक धुळीपासूनचे संरक्षण सांगतो आणि दुसरा पाण्यापासूनचे. आयपी ५४ म्हणजे केवळ शिंतोड्यांपुरते, तर आयपी ६७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास. परंतु ही चाचणी नव्या फोनची, स्वच्छ आणि स्थिर पाण्यात झालेली असते. एकदा डिस्प्ले बदलला की तो अंक धरून चालू नये, आणि पाणी शिरून झालेले नुकसान वॉरंटीत बहुधा बसत नाही. नाला ओलांडताना जाड प्लॅस्टिकची पिशवी अजूनही सर्वांत खात्रीची.

दुरुस्तीचा मुद्दा शेवटी येत असला तरी वजनाने तो पहिला आहे. आयआयटी मुंबईने २०१४ मध्ये विद्यार्थ्यांसाठी दहा लाख सौर दिव्यांचा जो उपक्रम हाती घेतला, त्यात महाराष्ट्रासह चार राज्ये होती, आणि दिवे स्थानिक माणसांनीच जुळवावेत व त्यांनीच दुरुस्त करावेत अशी त्याची रचना होती. दिवा कुठल्या कंपनीचा यापेक्षा तो गावात उघडता येतो हे त्याचे बळ होते. हीच कसोटी अहेरी किंवा आलापल्लीच्या बाजारात फोनला लावता येते. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातल्या काचेखाली, बारीक स्क्रूड्रायव्हर आणि हॉट एअर गन यांच्या शेजारी, ज्या मॉडेलांचे डिस्प्ले आणि चार्जिंग जॅक डबीत भरून ठेवलेले असतात, ती मॉडेले त्या भागात दुरुस्त होतात. फोन विकत घेण्यापूर्वी कारागिराला एवढे विचारले तरी वर्षभराने चंद्रपूरची एक फेरी आणि एक दिवसाची मजुरी वाचू शकते. जुना फोन घेत असाल तर *#०६# दाबून दिसणारा आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा पंधरा अंकी ओळख क्रमांक, सरकारच्या ‘संचार साथी’ सेवेवर तपासून घ्यावा. चोरीचा म्हणून बंद केलेला फोन तिथे कळतो.

ऑनलाइन मागवलेली वस्तू खराब निघाली तर विक्रेता बंगळूरचा आणि ग्राहक पेरमिलीचा, मग दाद कुठे मागायची, अशी अडचण पूर्वी असे. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने ती दूर केली असून ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते; म्हणजे अहेरी तालुक्यातील रहिवाशाला गडचिरोलीत. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी, कारण पुष्कळ प्रकरणे तिथेच मिटतात. दोन्हीकडे पक्के बिल लागते, आणि त्यावर मॉडेल व आयएमईआय लिहून घ्यावेत. थर्मल कागदावरचे बिल दमट हवेत काही महिन्यांत पुसट होते, म्हणून घेतल्या दिवशीच त्याचा फोटो काढून तो घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी फोनमध्ये ठेवावा.