हजेरीपटावरील नाव

निरोप समारंभाच्या दिवशी काढलेले वर्गाचे छायाचित्र चाळीस वर्षे माझ्या कपाटात होते. पुढे खुर्च्यांवर प्राध्यापकवर्ग, मागे तीन रांगांत आम्ही एकतीस जणी आणि खाली पुठ्ठ्यावर ओळीने छापलेली नावे. पुण्याच्या कर्वे रस्त्यावर, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या आवारात शिकलेल्या आमच्या १९८४ च्या तुकडीचा स्नेहमेळावा जानेवारी २०२५ मध्ये भरवण्याचे ठरले. नावे तर हाताशी आहेतच, या भरवशावर मैत्रिणींना शोधण्याचे काम मी अंगावर घेतले.

माझ्या यजमानांच्या तुकडीने असाच मेळावा पूर्वी भरवला होता. त्यांना सगळे मित्र पंधरा दिवसांत सापडले. मला आठ महिने लागले, आणि तरीही यादी पुरी झाली नाही. कारण अगदी साधे होते. त्या पुठ्ठ्यावरील नावांच्या बाया आता कोठेच राहत नव्हत्या!

आमच्या पिढीत लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरीत आणि वर त्यात अंगठीने वधूचे नवे नाव लिहीत असे. ते वाचून आम्ही लाजलो, हसलो. त्या एका दुपारी पहिले नाव, मधले नाव आणि आडनाव अशी तिन्ही बदलून जात. सगळ्याच घरांत पहिले नाव बदलत नसे, हे खरे. पण आमच्या वर्गात तरी निम्म्याहून अधिक जणींचे बदलले होते.

म्हणून मी माहेरच्या पत्त्यांवरून शोध सुरू केला. पेठांतील वाडे पडून तेथे इमारती उभ्या राहिलेल्या. भाऊ कोणी बडोद्याला, कोणी हैदराबादला. हजेरी क्रमांक सतराचा ठावठिकाणा तिच्या चुलतभावाच्या किराणा दुकानात लागला. (वर्गात आम्ही एकमेकींना क्रमांकानेच हाका मारीत असू. ती खोड अशी उपयोगी पडेल, असे वाटले नव्हते.) ती इंदूरला होती. दूरध्वनी केला, तो तिच्या सुनेने उचलला. मी नाव सांगितले.

‘‘या नावाचं इथे कुणी नाही हो,’’ ती अत्यंत सौजन्याने म्हणाली.

मी क्षमा मागून दूरध्वनी ठेवणार, एवढ्यात पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि मागोमाग शब्द ऐकू आले, ‘‘अगं, थांब. ते माझंच नाव आहे.’’ ती सून त्या घरात बारा वर्षे नांदत होती.

त्या दिवसापासून मी विचारण्याची रीत बदलली. ‘‘तुमच्याकडे पुण्यात शिकलेल्या कोणी बाई आहेत का?’’ असे विचारू लागले. मग उत्तरे मिळू लागली.

या गोष्टीचा धागा आमच्या विद्यापीठाच्या मुळाशीच जाऊन भिडतो. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी ज्या विधवेशी १८९३ मध्ये विवाह केला, त्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई होत्या. विवाहानंतर त्या आनंदीबाई झाल्या आणि लोकांच्या तोंडी ‘बाया कर्वे’ म्हणून राहिल्या. त्यांच्या पतीने १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले आणि तेथून १९२१ मध्ये पहिल्या पाच जणी पदवीधर झाल्या. पदवीपत्रावर नाव लागते ते शिकणारीचे स्वतःचे. आमच्यातील कित्येकींचे जुने नाव आज फक्त त्याच कागदावर उरले आहे.

फक्त त्याच कागदावर, असे म्हणताना एक अपवाद सांगितला पाहिजे. क्रमांक चोवीसने शिष्यवृत्ती जमा करण्यासाठी विद्यार्थिदशेत बचत खाते उघडले होते. लग्नानंतर ती भोपाळला गेली आणि खाते विसरली. दहा वर्षे व्यवहार न झालेल्या खात्यातील रक्कम बँका रिझर्व्ह बँकेच्या २०१४ मध्ये स्थापन झालेल्या निधीकडे वर्ग करतात. ठेवीदाराचा हक्क मात्र कायम राहतो. अशा ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे संकेतस्थळ सुरू केले. मेळाव्याच्या गप्पांत हा विषय निघाला, तेव्हा तिच्या भाचीने तेथल्या तेथे भ्रमणध्वनीवर शोध घेतला. सध्याचे नाव घातले, काही नाही. माहेरचे नाव आणि जन्मतारीख घातली, आणि खाते समोर आले! पुढे बँकेत अर्ज, ओळखीची कागदपत्रे आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचा पुरावा द्यावा लागला. पारपत्र काढताना तिने राजपत्रात नावाची नोंद केली होती, ती कामी आली. रक्कम किरकोळच होती. ‘‘पण पासबुकावर मला मी दिसले गं,’’ असे तिने नंतर कळवले. लग्नापूर्वी उघडलेले एखादे खाते वाचक भगिनींच्याही विस्मरणात गेले असेल, तर शोधताना जुने नाव घालून पाहावे.

मेळाव्यास बावीस जणी आल्या. सकाळची पहिली दहा मिनिटे अवघड गेली. पांढरे केस, जाड चष्मे, कोण कोणाला ओळखणार? मग आमच्या निवृत्त प्राध्यापिकांनी जुन्या क्रमाने हजेरी घेतली, माहेरच्या पूर्ण नावानिशी. क्रमांक सतरा ‘‘हजर’’ म्हणाली ती बाकावरून उठून, ताठ उभी राहून. क्रमांक नऊच्या नावाशी बाई थांबल्या. ती २०२१ मध्ये गेली. बाईंनी नाव पुन्हा एकदा उच्चारले आणि पुढे वाचू लागल्या. दुपारच्या जेवणात काय होते, ते मला आठवत नाही.

तीन जणी अजून सापडलेल्या नाहीत. क्रमांक अकराच्या बंधूंचा जबलपूरचा क्रमांक गेल्या आठवड्यात मिळाला. बंधू हयात नाहीत. त्यांचा मुलगा बोलला. मी नाव सांगताच तो जरा गोंधळला. ‘‘आम्ही त्यांना आत्याच म्हणतो,’’ तो म्हणाला. ‘‘नाव आईला विचारून सांगतो.’’